नऊ महिने थांबा, मग शिंका

खासगी रुग्णालयाचं नेमणूकपत्र इंग्रजीत असतं, आणि तेही अशा इंग्रजीत की त्यापेक्षा रुग्णाचा ईसीजी वाचणं सोपं जावं. पहिल्या पानावर अभिनंदन, दुसऱ्या पानावर पगार आणि त्यातली कापाकापी, आणि तिसऱ्या पानावर, नोकरी लागल्याचा आनंद ओसरायच्या आत वाचून होईल अशा बेताने, रजेचं कलम. शब्द रुग्णालयागणिक बदलतात, पण पुष्कळ ठिकाणी मतलब एकच निघतो: प्रोबेशन संपेपर्यंत, म्हणजे तीन किंवा सहा महिने, आजारपणाची पगारी रजा मिळणार नाही, गैरहजेरी बिनपगारी धरली जाईल, आणि काही ठिकाणी, जितके खाडे पडतील तितके दिवस प्रोबेशनही पुढे सरकेल. साध्या मराठीत सांगायचं तर, आजारी पडायला आमची ना नाही, फक्त कन्फर्म झाल्यावर पडा.

अशी अट रुग्णालयंच घालतात असं नाही. घाटकोपरच्या साडीच्या दुकानात नव्याने लागलेल्या सेल्समनलाही पहिल्या महिन्यात शिंकायची चोरी असते. पण साडीच्या दुकानात गिऱ्हाईक काहीतरी घेऊन जायला येतं. रुग्णालयात येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो. जुलै महिन्यात बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत जे जे तापतं, खोकतं आणि ओकतं, त्याची पहिली गाठ सिस्टरशी पडते. डॉक्टर राउंडला येतात, दोन मिनिटं उभे राहतात, पुढच्या खाटेकडे सरकतात. सिस्टर पूर्ण ड्युटीभर त्याच हवेत वावरते, आणि मग विरार लोकलमध्ये उभी राहून घरी जाते, जिथली हवा वॉर्डाहून फार निराळी नसते. अशा मुलीला पहिले सहा महिने आजारी न पडण्याची अट घालणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला, अंग भिजल्यास संस्था जबाबदार नाही, असा फलक दाखवणं. ही अट अन्यायाची आहे की नाही यावर हवा तितका वाद घालावा. मला त्याहून साधी गोष्ट म्हणायची आहे: ही अट रुग्णालयाच्याच मुळावर येते, आणि ज्या भीतीपोटी ती घातली जाते ती भीतीच चुकीच्या माणसाबद्दल आहे.

आधी कायद्याचं पाहू, कारण एचआरला विचारलं की ते कायद्याकडे बोट दाखवतात. महाराष्ट्राचा दुकानं आणि आस्थापनांचा कायदा २०१७ चा. डॉक्टरचा दवाखाना, पॉलिक्लिनिक, प्रसूतिगृह, रुग्णालय हे सगळं त्यातल्या आस्थापनेच्या व्याख्येत बसतं. या कायद्याने कामगाराला वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा दिली आहे. ती तिमाहीच्या हप्त्याने खात्यात पडते आणि वापरली नाही तर वर्षाअखेर बुडते. वर्षात २४० दिवस काम भरलं की दर वीस दिवसांमागे एक याप्रमाणे हक्काची रजा. शिवाय राष्ट्रीय दिवस आणि सणवार मिळून आठ पगारी सुट्ट्या. आणि आजारपणाची रजा? या नावाची रजा या कायद्यात नाहीच. म्हणजे विधिमंडळाच्या नजरेतला महाराष्ट्रातला कामगार सण साजरे करतो, गावी जातो, त्याची अधूनमधून अचानक कामंही निघतात. आजारी मात्र तो पडत नाही.

अगदीच पडत नाही असं नाही, त्याच्या आजारपणाचा पत्ता निराळा आहे. १९४८ च्या कायद्यातून उभी राहिलेली राज्य कामगार विमा योजना, जिला सगळे ईएसआय म्हणतात, ती ज्या रुग्णालयांना लागू आहे तिथे महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेली नर्स विमेदार होते. पगारातून तिचे पाऊण टक्का कापले जातात, मालक सव्वातीन टक्के भरतो. उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात. मुलुंडला आणि कांदिवलीला त्यासाठी कामगार रुग्णालयं उभी आहेत. आजारपणात बुडालेल्या पगाराची भरपाई मात्र, नोकरी आयुष्यातली पहिलीच असेल तर, रुजू झाल्यापासून नऊ महिने उलटल्यावर सुरू होते. नवा जीव जन्माला यायला लागतो तेवढाच काळ आजारी पडण्याच्या हक्काला जन्माला यायला लागतो, फक्त मध्ये डोहाळजेवण नसतं. १ जूनला रुजू झालेल्या मुलीला हा हक्क १ मार्चला मिळणार. मधल्या काळात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, डोळे येणं, दिवाळीचा धूर आणि जानेवारीचा खोकला असं मुंबईच्या आजारांचं अख्खं पंचांग होऊन जातं. मार्च महिन्यात या शहरात आजारी पडायचं तर खास प्रयत्न करावे लागतात.

बरं, नऊ महिने भरले असं धरू. पगार १८,००० म्हणजे दिवसाला ६००. ताप तीन दिवसांचा. पहिले दोन दिवस योजना प्रतीक्षेचे धरते, त्यांचे पैसे नाहीत. तिसऱ्या दिवसाचे सत्तर टक्के, म्हणजे ४२० रुपये. तोवर तिच्या पगारातून दरमहा १३५ प्रमाणे १,२१५ रुपये कापले गेलेले असतात. योजनेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. मोठ्या दुखण्याला ती खरोखर आधार देते: वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, आणि क्षयासारख्या ठरावीक ३४ दीर्घ आजारांत वाढीव दराने दोन वर्षांपर्यंतही. पण आपल्याकडे म्हण आहे की दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं. योजनेने म्हणीतली मुंगी तेवढी मनावर घेतली आणि हत्ती पेशंटच्या हवाली केला. नव्या सिस्टरला छळतात ते हेच हत्तीचे दोन दिवस, आणि नेमके तेच सगळ्या नियमांच्या फटीतून खाली पडतात. याउलट मातृत्वाच्या रजेचा कायदा पाहा. तो प्रसूतीआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस कामाची अट घालतो आणि मग सव्वीस आठवड्यांपर्यंत भरपगारी रजा देतो. ती द्यायलाच हवी. पण ज्या व्यवस्थेला तीन महिन्यांहून कमी नोकरीवर सहा महिन्यांची रजा परवडते, तिला तीन दिवसांच्या तापासाठी मुलीची सहा महिने परीक्षा का पाहावीशी वाटते, हे कोडं सुटत नाही.

रुग्णालयात नवीन यंत्र येतं तेव्हा त्याचे लाड बघण्यासारखे असतात. नवा मॉनिटर किंवा इन्फ्युजन पंप आला की त्याचं पहिलं वर्ष वॉरंटीचं. दुसऱ्याच आठवड्यात तो बंद पडला तर कंपनीचा माणूस बॅग घेऊन धावत येतो, पैसे घेत नाही, वर दिलगिरी व्यक्त करतो. पंप मुद्दाम बंद पडला असेल, त्याला शनिवार-रविवार जोडून हवे असतील, असा संशय कोणी घेत नाही. वॉरंटी संपली की त्याचं एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट, होतं. ठरलेल्या तारखेला तो उघडून, पुसून, तपासून पुन्हा लावतात. यंत्राला नवं असताना बिघडण्याची पूर्ण मुभा आणि जुनं झाल्यावर खर्च. सिस्टरला जुनी झाल्यावर मुभा आणि नवी असताना कपात. हा उलटा न्याय आपल्या अंगवळणी पडला आहे, कारण या शहरात निर्जीव वस्तूंच्या रजा आपण फार उदारपणे मंजूर करतो. रेल्वे रविवारी मेगाब्लॉक घेते आणि तो आदल्या दिवशी पेपरात छापून येतो. अंधेरीचा सबवे तर जोराच्या पावसात हमखास रजेवर जातो. तो बिनदाखल्याचा जातो, पूर्वसूचनेशिवाय जातो, आणि परत रुजू होताना फिटनेसही देत नाही.

आता आक्षेप. सगळ्यात मोठ्या आवाजात घेतला जाणारा आक्षेप असा की पगारी रजा दिली की मुली दांड्या मारतात. हा आक्षेप निराधार आहे असं म्हणायची माझी तयारी नाही. गौरी-गणपतीच्या तोंडावर मुंबईत एक विशिष्ट ताप दरवर्षी येतो, आणि त्याचा उतारा फक्त कणकवलीकडे जाणाऱ्या गाडीत मिळतो. ओणम आणि नाताळ यांचेही आपापले ताप आहेत. पण हा ताप कोणाला येतो ते पाहा. ज्यांची नोकरी पक्की आहे, ज्यांना मेट्रनच्या ओरडण्याची सवय झाली आहे, ज्यांच्या खात्यात रजा साठून वर्षाअखेर बुडायला आल्या आहेत, त्यांना. प्रोबेशनवरच्या मुलीचं कन्फर्मेशन लटकलेलं असतं, इन्चार्ज सिस्टरचा शेरा अजून लिहायचा असतो, शिक्षणाचं कर्ज फिटायचं असतं. दांडी मारण्याची सगळ्यात कमी हिंमत जिच्यात, तिलाच दांडीच्या संशयावरून शिक्षा होते. चोर ज्या दारातून कधी येत नाही त्याला तीन कुलपं लावून ठेवण्याचा हा प्रकार.

शिवाय या पेशातल्या लोकांची खोड नेमकी उलटी आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका बालरुग्णालयातल्या डॉक्टर आणि वरिष्ठ दर्जाच्या परिचारिका वगैरे मंडळींची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. आजारी असताना कामावर आल्याने रुग्णांना धोका होतो, हे त्यांतल्या ९५ टक्क्यांना मान्य होतं. आणि वर्षभरात एकदा तरी आजारी असताना कामावर आलो, हे ८३ टक्क्यांनी कबूल केलं. का आलात, तर जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच: सहकाऱ्यांवर भार पडायला नको. हे त्या लोकांचं, ज्यांची नोकरी पक्की, पगार बरा आणि शिक्षण भरपूर. मराठीत गैरहजर माणसासाठी शब्द आहे, कामचुकारासाठी आहे, पण अंगात ताप घेऊन हजर राहणाऱ्यासाठी शब्द नाही. त्याला आपण कर्तव्यदक्ष म्हणतो आणि सत्कार करतो. साडीच्या दुकानात असा कर्तव्यदक्ष माणूस फार तर साड्यांवर शिंकेल. नवजात बाळांच्या कक्षात त्याच कर्तव्यदक्षतेची किंमत दीड किलो वजनाचं बाळ मोजतं. फ्लूचा ताप औषधाशिवाय उतरल्यावर आणखी चोवीस तास घरी थांबावं, उलट्या-जुलाब थांबल्यावर अठ्ठेचाळीस तास, ही संसर्ग टाळण्याची सर्वमान्य पथ्यं आहेत. रुग्णालयाचा संसर्ग नियंत्रण विभाग ती भिंतीवर चिकटवतो. त्याच मजल्यावरचा एचआर विभाग पगाराची कपात पाठवतो. दोन्ही विभागांची अजून ओळख झालेली नसावी.

दाखल्याचा प्रकार तर काखेत कळसा आणि गावाला वळसा. ताप किती आहे हे जिला थर्मामीटर न लावताही हाताने कळतं, तिने ओपीडीत नंबर लावायचा, खोकणाऱ्या चाळीस जणांत तास-दीड तास बसायचं, आणि आपण आजारी असल्याचं लेखी घेऊन यायचं. काही ठिकाणी बाहेरच्या डॉक्टरचा दाखला चालत नाही, म्हणजे विश्रांतीची परवानगी घ्यायला तापात नालासोपाऱ्याहून अंधेरीला यायचं. जिने चार्टवर लिहिलेल्या आकड्यावर डॉक्टर दिवसभर औषधांचे डोस बदलतात, तिचा शब्द तिच्या स्वतःच्या तापाबद्दल चालत नाही. त्यात सँडविचचा नियम. साप्ताहिक सुटीच्या अलीकडे-पलीकडे रजा पडली की मधली सुटीही रजेत धरतात. मुंबईकराला सँडविच म्हटलं की हिरवी चटणी आणि बटाट्याच्या चकत्या आठवतात. या सँडविचमध्ये चकती कर्मचाऱ्याची असते.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे, कारण तो बहुधा एचआर घेत नाही, इन्चार्ज सिस्टर घेते. एक मुलगी आली नाही की दुसरीला डबल ड्युटी पडते. नाईट करून घरी निघालेली सिस्टर लिफ्टपाशी अडवली जाते. हे खरं आहे आणि वाईट आहे. पण भारतीय परिचर्या परिषदेचे मनुष्यबळाचे मापदंड पाहा. सर्वसाधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक, आणि या हिशोबावर रजेची राखीव म्हणून आणखी तीस टक्के. म्हणजे ज्यांनी हे मापदंड केले त्यांना सिस्टर हाडामांसाची असते हे ठाऊक होतं. तिच्या आजारपणाची तरतूद कागदावर झालेली आहे. भरती करताना ते तीस टक्के कोणीतरी वाचवले, आणि वाचवलेल्या पैशांची वसुली आता तापलेल्या मुलीकडून चालली आहे. शिवाय रोस्टरचं गणित तरी नीट मांडा. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती. अशा साथीत पगार कापला जाईल म्हणून एक मुलगी गॉगल लावून ड्युटीवर आली आणि चेंजिंग रूममध्ये चौघींना प्रसाद देऊन गेली, तर एका खाड्याचे पाच झाले. प्रोबेशनवर नसलेल्या चौघींचे तर पगारी.

तिसरा आक्षेप पैशांचा. उपनगरात मिठाईच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर पंधरा खाटांचं नर्सिंग होम चालवणारा डॉक्टर म्हणेल, मला हे परवडत नाही. त्याच्याशी मी आकड्यांतच बोलेन. दिवसाला ६०० रुपये पगाराच्या मुलीला पहिल्या दिवसापासून वर्षाला पाच दिवस पगारी आजारपण दिलं तर होतात तीन हजार रुपये. ज्यांनी रुग्णालयाचं बिल बारकाईने वाचलं आहे, आणि त्यात हातमोजे किती नग लावले हे मोजलं आहे, त्यांना या रकमेचा स्रोत सुचवावा लागणार नाही. मोठ्या रुग्णालयांना तर ही सबबही नाही. खासगी नर्सेसच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर २०१६ मध्ये समिती नेमली गेली. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात पगार सरकारी नर्सच्या बरोबरीने, लहानांना पायरीपायरीने सवलत, आणि पन्नासच्या आतल्यांनाही २०,००० रुपयांहून कमी नाही, अशी तिची शिफारस होती. रजा आणि कामाचे तास सरकारी नर्ससारखेच असावेत, हेही तिने म्हटलं होतं. शिफारशी राज्यांकडे गेल्या, आणि अजून प्रोबेशनवरच असाव्यात असं त्यांच्या अवस्थेकडे पाहून वाटतं. या वीस हजारांत आणि ईएसआयच्या एकवीस हजारांत हजाराचं अंतर आहे. पहिलीच नोकरी २१,५०० ची मिळाली तर पेढे वाटताना हे लक्षात ठेवावं की विमा सुटला, आणि आजारपणात आता उरलं ते नेमणूकपत्राचं तिसरं पान.

सरकारी नर्सच्या रजा म्हणजे संस्कृतमधला एक छोटा शब्दकोशच: अर्जित, अर्धवेतनी, परिवर्तित, अनर्जित, असाधारण. वर्षाला वीस दिवस अर्धवेतनी, आणि दाखला देऊन ती पूर्ण पगाराची करून घेतली की खात्यातून दुप्पट वजा. यातली अनर्जित मला फार आवडते. जी रजा अजून कमावलेलीच नाही, ती पुढच्या हिशोबावर उसनी देण्याची कल्पना सरकारला सुचली, वाण्याच्या वहीवर चालणाऱ्या खासगी क्षेत्राला सुचली नाही.

पण दुरुस्तीसाठी फार लांब जायला नको, कारण सामान घरातच आहे. ईएसआयचा विमा क्रमांक नोकरी बदलली तरी बदलत नाही. अंधेरीचं रुग्णालय सोडून मुलुंडला गेलेली मुलगी तोच क्रमांक घेऊन जाते. म्हणजे आजारपणाचा हिशोब खुर्चीला न बांधता माणसाला बांधायचा, ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. तिच्यावर थोडी कलाकुसर करायची: रुजू झाल्या दिवसापासून चार-पाच पगारी दिवस, पहिल्या दोन दिवसांना दाखला नको, आणि जुन्या नोकरीत साठलेले दिवस नव्या नोकरीत ग्राह्य. जगात इतरत्र याहून पुढे गेलेले नमुने आहेत आणि मागे राहिलेलेही. कॅलिफोर्नियाने २०१५ पासून आजारपणाची पगारी रजा लागू केली, पण नव्या माणसाला ती नव्वदाव्या दिवसापासून वापरता येते. तिथल्या विषाणूंना ही तारीख कोण कळवतं, ते मला ठाऊक नाही.

शेवटी या पेशाच्या मूळ पुरुषाला, म्हणजे बाईला, साक्षीला बोलावतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ च्या पहिल्या आठवड्यात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात रुजू झाली आणि मे १८५५ मध्ये बालाक्लाव्हाला तापाने आडवी झाली. हिशोब केला तर सहा महिने आणि वर थोडे दिवस; प्रोबेशन जेमतेम संपलं होतं, कन्फर्मेशनचं पत्र अजून मेट्रनच्या टेबलावर असणार, आणि मेट्रन तीच. त्या तापातून ती पूर्ण कधीच उठली नाही. पुढची कित्येक वर्षं तिने अंथरुणावरून काम केलं. खाटेवर बसून अहवाल लिहिले, मंत्र्यांना भेटायला बोलावलं, आणि जिथे कधी पाऊल ठेवलं नाही त्या हिंदुस्थानच्या गटारांची आणि पाण्याची काळजी वाहिली. नव्वद वर्षं जगली. तिच्या नावाची शपथ घेऊन, हातात दिवा धरून आपल्याकडच्या मुली या पेशात येतात, आणि तिच्या वाढदिवशी, १२ मेला, रुग्णालयारुग्णालयांतून केक कापला जातो. त्या दिवशी तापाने घरी राहिलेल्या नव्या सिस्टरचा पगारही.